शेवटची पाळी आणि तिच्या आधीची

"शेवटची पाळी कधी आली होती?" या प्रश्नाचं उत्तर तारखेत देणाऱ्या बाया माझ्या नोकरीत मला फार कमी भेटल्या. "पोळ्याच्या आदल्या दिवशी," "आखाजी झाल्यावर," "नणंदेची पोर पाहायला पाहुणे आले होते ना, तेव्हा," अशी उत्तरं यायची. मुसलमान बाया तिसरा रोजा सांगायच्या, नाहीतर खुलताबादचा उरूस. शेंद्र्याच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरी म्हणायच्या, "सेकंड शिफ्ट लागली होती सिस्टर, त्या आठवड्यात." म्हणून मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये मागच्या तीन वर्षांची कॅलेंडरं गुंडाळून ठेवायचे. बाईनं सण सांगितला की कॅलेंडर उलगडायचं, बोट ठेवायचं आणि केसपेपरवर तारीख लिहायची. नवीन सिस्टर आल्या की हसायच्या. महिन्याभरात त्याच माझ्या ड्रॉवरमध्ये हात घालायच्या.

शहागंजातल्या बायकांच्या एका खासगी दवाखान्यात मी एकतीस वर्षं काम केलं. आता रिटायर होऊन छावणीत घरी बसले आहे आणि कुणी काही विचारलं नाही तरी सांगायची सवय लागली आहे. माझं काम बाहेरच्या टेबलावरचं. डॉक्टर मॅडम आत बसायच्या. त्यांच्याकडं जाण्याआधी बाई माझ्यासमोर बसणार, मी तिचं वय, बाळंतपणं, पाळी, काय होतंय ते विचारून केसपेपर भरणार आणि आत पाठवणार. मॅडम हुशार होत्या, पण सोमवारी बाजाराच्या दिवशी बाहेर इतकी गर्दी असायची की त्या केसपेपरवर जे लिहिलंय त्यावरच भिस्त ठेवायच्या. म्हणजे अर्धा दवाखाना माझ्या पेनावर चालायचा असं मी त्या काळी म्हणायचे. मोठ्या तोऱ्यात म्हणायचे.

आणि माझा हात जलद होता. बाईला भरल्या बाकड्यावर खालचं-वरचं सगळं मोठ्यानं सांगायला लावणं मला कधी आवडलं नाही. चार प्रश्न, दोन मिनिटं, चला पुढच्या. बाया मुद्दाम माझ्याच टेबलासमोर थांबायच्या. "खरात सिस्टरकडं बसलं की लाज वाटत नाय," असं म्हणायच्या. मला ते सर्टिफिकेटच वाटायचं.

पाळी जाण्याबद्दल लोकांना वाटतं की ती एखाद्या दिवशी नळ बंद व्हावा तशी बंद होते. तसं नसतं. चाळिशी उलटली की कधी दोन महिने पत्ता नाही, कधी पंधरा दिवसांत दोनदा. कधी डागावर भागतं, कधी जोरात जातं. हे असं दोन-चार वर्षं चालतं. पाळी न येता सलग एक वर्ष पुरं झालं की मग म्हणायचं, गेली. साधारण पंचेचाळीस ते पन्नास-बावन्न या वयात हे होतं. सोबत अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, झोप उडते, सांधे धरतात, कारण नसताना डोळ्यात पाणी येतं आणि कारण नसताना भांडण निघतं. खाली कोरडेपणा येतो, नवऱ्याजवळ जायचं नको वाटतं. हे शेवटचं कोणतीच बाई आपण होऊन सांगत नाही. "काही नाय हो, गुडघे दुखतात," म्हणते आणि उठता उठता दारात थांबते. दारात थांबलेल्या बाईला परत बसवायचं असतं, हे मला उशिरा कळलं.

छावणीच्या बाजारात गाद्यांचं दुकान असलेले एक चाचा बीवीला घेऊन आले होते. चाची गप्प आणि चाचांची तक्रार सुरू. "सिस्टर, जनवरी में पंखा पाँच पे. मैं दो रजई में, हौर ये खिडकी में जा के खडी. कायकू करती, मालूम नै. बोले तो मेरेच पे चिल्लाती."

चाची बुरख्याच्या आतून एकच वाक्य बोलली. "इनकू बोलो, एक दिन मेरे बदन में रह के देखो."

बाकड्यावरच्या सगळ्या बाया फिस्सकन हसल्या. चाचा लाजले. मॅडमनी त्यांना समोर बसवून नीट सांगितलं की हा आजार नाही, वय आहे, निभावून न्यायचं. सुती कपडे घाला, चहा कमी, मसालेदार कमी, रोज चालायला जा, दूध-नाचणी खा. फारच त्रास असला तर गोळ्या आहेत, पण त्या तपासणी केल्याशिवाय द्यायच्या नाहीत आणि सगळ्यांना चालत नाहीत. मी माझ्याकडून एक औषध जोडलं, की छताचा पंखा बंद करा आणि चाचीच्या बाजूला एक टेबलफॅन घ्या. दोन महिन्यांनी चाचा एकटेच येऊन सांगून गेले, "सिस्टर, घर में अमन है." असे यशस्वी इलाज आमच्या धंद्यात थोडे.

माझी स्वतःची गंमत सांगायलाच हवी. ऑपरेशन असलं की मी मदतीला आत असायचे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ऑपरेशन थिएटरमध्ये मला एकाएकी इतकं उकडायला लागलं की एसी बिघडलाय म्हणून मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं पाहिलं, ठीक आहे म्हणाला. चार दिवसांनी परत बोलावलं आणि त्याला वरून चार शब्दही सुनावले. तेव्हा मॅडम मास्कमधूनच म्हणाल्या, "सिस्टर, मशीन बरोबर आहे. तुमचं वय काय झालं?" हजारो बायांना विचारलेला प्रश्न मग त्यांनी मला विचारला, शेवटची पाळी कधी? आणि मला आठवेना! मावसबहिणीच्या मुलाचं लग्न होतं जालन्याला, त्याच्या आधी की नंतर, असं मी पुटपुटत बसले. ड्रॉवर उघडून कॅलेंडर काढावं लागलं.

आमच्या भागात आणखी एक हट्ट असतो, पिशवीचा. "मॅडम, पिशवी काढूनच टाका, कटकट मिटंल." पाळी पुढं-मागं झाली की पिशवी काढा, पांढरं जातंय तर काढा, कामावर खाडा पडतो म्हणून काढा. मॅडम नाही म्हणायच्या, तर बाया दुसरीकडं जाऊन काढून यायच्या. मग छत्तिसाव्या-अडतिसाव्या वर्षी तोच उकाडा, तीच हाडं, तीच उडालेली झोप घेऊन परत आमच्याच बाकड्यावर. पिशवीसोबत अंडाशयं गेली की पाळी जाण्याचा सगळा त्रास एका झटक्यात येतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसायचं. मी त्यांच्यावर चिडायचे. चिडायला नको होतं, ते तरी काय करणार.

माझी चिडचिड सगळ्यात जास्त व्हायची ती महालक्ष्मीच्या गोळीवर. इतर भागांत गौरी म्हणतात, आमच्याकडं महालक्ष्म्या. भाद्रपदात तीन दिवस बसतात, येतात, जेवतात, जातात. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील. जिच्या हातून हे सगळं व्हायचं ती घरातली थोरली सून आणि तिला त्या दिवसांत पाळी येऊन चालत नाही. मग पाळी लांबवायची गोळी. कोणत्याही मेडिकलवर जाऊन नुसतं "महालक्ष्मीची गोळी द्या" म्हटलं तरी दुकानदाराला कळतं. गणपती आले की आमच्या टेबलावर तेवढंच. सण झाला, गोळी थांबवली, की दोन-तीन दिवसांत पाळी येते.

आम्ही बौद्ध. आमच्या घरात आजोबांच्या काळापासून महालक्ष्म्या बसत नाहीत आणि बाजूला बसणंही नाही. माझी आई निरक्षर होती, पण म्हणायची, "अंगाचं हाय ते, त्यात बाटण्यासारखं काय हाय?" त्यामुळं गोळीचं नाव निघालं की माझ्या मनात चटकन यायचं, घ्या, देवीसाठी शरीराला वेठीला धरा! तोंडावर बोलायचे नाही. पण मनातल्या मनात त्या बाईची फाइल तिथंच मिटायची. हे मी आज लिहू शकते, तेव्हा कबूल केलं नसतं.

इंदूबाई एका वर्षी नवरात्रात आल्या. शेंद्र्याच्या पलीकडच्या गावच्या. थोडी जमीन कंपन्यांत गेली होती, उरलेली नवरा कसायचा आणि त्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायच्या. वय बावन्न. धिप्पाड बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज खणखणीत. तक्रार वाफांची. "सिस्टर, भट्टीपाशी उभी ऱ्हाते म्हून म्हणलं आसंल, पर सुट्टीच्या दिशीबी तेच. आतून पेटल्यावानी व्हतं."

"शेवटची पाळी?"

"महालक्ष्म्या उठल्या आन तिसऱ्या दिशी आली."

"गोळी घेतली होती?"

"मंग! दरसाल घेते. थोरली हाय ना मी."

मी कॅलेंडरवर बोट ठेवलं, तारीख लिहिली. समोर लिहिलं, 'गोळीनंतर'. उठता उठता त्या म्हणाल्या, "आजून मधूनमधून डाग पडतो बरं का."

"गोळी घेतल्यावर पडतो असा, जाईल," मी म्हणाले आणि पुढच्या बाईला हाक मारली.

डाग केसपेपरवर लिहिला नाही. मॅडमनी कागद पाहिला, बावन्न वय, पाळी चालू, गोळीनंतर आलेली, वाफा. वयाप्रमाणे सगळं बरोबर. त्यांनी कॅल्शियम लिहून दिलं, चालायला सांगितलं, त्रास वाढला तर या म्हणाल्या. इंदूबाई जाताना मला कँटीनच्या शेवपोह्यांची पुडी देऊन गेल्या.

त्या परत आल्या ते वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी. मी ओळखलं नाही. कुंकू तेवढंच होतं, मागचा चेहरा निम्मा झाला होता. बाहेर कसलातरी मोर्चा होता, रस्ते बंद, दवाखान्यात शुकशुकाट. बाकड्यावर त्या एकट्याच. मला घाई नव्हती म्हणून मी एक प्रश्न जास्त विचारला. केवळ घाई नव्हती म्हणून.

"अंगावरून जातंय म्हणता, म्हणजे पाळी किती दिवसांनी येते?"

"पाळी कुठली आता. रोजचंच चालू हाय. महालक्ष्म्यांपासून थांबलंच नाय बगा नीट."

"आणि महालक्ष्म्यांच्या आधीची पाळी कधी होती?"

"त्याच्या आधी?" इंदूबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच काही वेडं विचारतेय. "त्याच्या आधी नव्हतीच की वो. दोन वर्सं व्हत आली व्हती जाऊन."

माझ्या हातातलं पेन थांबलं. "मग गोळी कशाला घेतली?"

"आवो, ऐन टायमाला आली तर? महालक्ष्म्या घरात बसलेल्या, सोळा भाज्या चुलीवर, आन मी बाजूला बसू व्हय? इतकी वर्सं घेते, आवंदाबी घेतली. आन गोळीनं परत आली म्हून जावा म्हणाल्या, आक्का तरुण झाल्या."

त्या हसल्या.

हे समजायला फार शिक्षण लागत नाही. पाळी जाऊन वर्ष उलटलं, की त्यानंतर आलेलं थेंबभर रक्तसुद्धा पाळी नसते. ती परत येत नाही. ते रक्त कशाचं आहे हे शोधावंच लागतं. बहुतेक वेळा साधं कारण निघतं. पण काही वेळा निघत नाही, म्हणून प्रत्येक वेळी शोधायचं. आणि पिशवीचं अस्तर उतारवयात पातळ होऊन झोपलेलं असतं, अशी गोळी थांबवून सहसा काही येत नाही. आलं, तर आत काहीतरी जागं आहे. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. नवीन पोरींकडून मी ते तोंडपाठ करून घेतलं होतं. तरीही मी लिहिलं, 'गोळीनंतर'.

मॅडमनी त्याच दिवशी सोनोग्राफी केली, पिशवीच्या आतला तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा मी तो पाकिटातून काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि उभी राहिले. पिशवीचा कॅन्सर. मी म्हणाले, "मॅडम, डागाचं त्यांनी मला नवरात्रात सांगितलं होतं. मी लिहिलं नाही. आणि आधीची विचारली नाही." मॅडम म्हणाल्या, "मीही विचारलं नाही, सिस्टर." आठ महिने आधी कळलं असतं तर किती फरक पडला असता, असं मी विचारलं. कदाचित पुष्कळ, कदाचित काहीच नाही, असं त्या म्हणाल्या. मला दोन्हींपैकी एक ठाम उत्तर हवं होतं.

इंदूबाईंचं ऑपरेशन मोठ्या दवाखान्यात झालं, मग रेडिएशनचे शेक दिले. मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा ठरवून गेले होते की सांगायचं, बाई, चूक माझी आहे. पहिल्यांदा नातेवाईक होते. दुसऱ्यांदा महालक्ष्म्यांच्या दिवशी त्यांच्या गावी गेले. त्या ओसरीवर खाटेवर पडून आत हुकूम सोडत होत्या, "पडवळ चिरलं का? आंबिलीत मीठ बघा गं!" मला पाहून उठायला लागल्या. मी हात धरून बसवलं. त्या सगळ्यांना सांगत होत्या, "या आमच्या सिस्टर. यान्लाच कळलं पयल्यांदा माझं दुखणं." मला पाटावर बसवून जेवायला वाढलं. आमच्या आजोबांच्या वेळी त्या गावात आमच्या माणसाला असं ओसरीवर कुणी वाढलं नसतं, हेही मनात आलं. घास तोंडात आणि सांगायचं ते घशात. मी जेवून आले. लाज वाटते सांगायला, पण नुसती जेवून आले.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आधी त्या गेल्या.

त्यानंतर मी केसपेपरवर एक नवी ओळ सुरू केली. शेवटची पाळी, आणि तिच्या खाली, तिच्या आधीची. आणि तिच्याही आधीची. पाळी चुकत असलेल्या प्रत्येक बाईला तिन्ही विचारायच्या. गोळी घेतली असेल तर ती कुणी दिली, का घेतली, हेही. डाग म्हटलं की लाल पेन. दोन मिनिटांचं काम आठ मिनिटांवर गेलं. बाकड्यावरच्या बाया वैतागल्या. "काय सिस्टर, कोर्टात उभं केल्यावानी!" काही जणी दुसऱ्या सिस्टरच्या टेबलाकडं सरकल्या. माझ्या टेबलासमोरची रांग लहान झाली ती शेवटपर्यंत लहानच राहिली. त्या लाल पेनामुळं तीन बायांचं दुखणं वेळेत सापडलं. तिघी आज हिंडत्या-फिरत्या आहेत. मी हे इंदूबाईंच्या नावासमोर मांडून पाहते, पण ती बेरीज काही जमत नाही.

रिटायर होण्याच्या वर्षी, गणपती चार दिवसांवर असताना, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची एक बाई समोर येऊन बसली. नीटनेटकी, जरा घाबरलेली. नाव सुमन. गाव ऐकून मी वर पाहिलं.

"इंदूबाईंची धाकटी जाऊ मी," ती म्हणाली. "आक्का गेल्यापासून महालक्ष्म्यांचं माझ्याकडंच आलं. गोळी पायजे व्हती."

मी कॅलेंडर उलगडलं. शेवटची कधी? तिनं सांगितलं. तिच्या आधीची? तिला आठवेना. मी नागपंचमीपासून मागं मागं नेलं, आखाजी, पाडवा, संक्रांत. मध्ये पाच महिने काहीच नव्हतं, ते कळलं. वाफा येतात का? येतात. झोप? नाही. मध्ये डाग? नाही म्हणाली, मी पुन्हा विचारलं, नाही म्हणाली. मग मी तिला सांगितलं की आज गोळी मिळणार नाही, आधी मॅडम तपासतील, आणि सणात पाळी आलीच तर आंबील मुलाच्या हातून करून घे, देवी काही रागावत नाही. मागच्या बाईनं "किती वेळ वो?" म्हणून हाक दिली. मी तिकडं पाहिलंही नाही.

सुमन अवघडून बसली होती. केसपेपर तिच्या हातात देताना मी म्हणाले, "फार विचारलं का गं मी? कंटाळलीस?"

"नाय, तसं नाय," ती घाईनं म्हणाली. मग जरा हसली. "पर आक्का तर म्हणायच्या, त्या खरात सिस्टरकडंच जा. लई चांगली बाई हाय, जास्त इचारत बसत नाय."